दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांचं पुस्तक माझ्याकडे मुद्रितशोधनासाठी आलं. सह्याद्रीतल्या घाटवाटांची त्यांनी आयुष्यभर काढलेली टिपणं होती ती. १९९९ साली तालुक्याच्या गावी एका छापखान्यात त्यांनी मजकूर टाइप करून घेतला होता. पैशांअभावी छपाई राहिली आणि सीडी कपाटात पडून राहिली. पुढे नातवानं ती शोधून काढली, इंटरनेटवरच्या एका फुकट परिवर्तकातून मजकूर 'युनिकोड' करून घेतला आणि वर्डची फाइल मला पाठवली.

पहिल्याच पानावर वाक्य होतं : 'या डोंगरांतल्या खोल दर्या पावसाळ्यात धुक्यानं भरून जातात.' पुढे 'वार्याचा झोत', 'दुसर्या दिवशी', 'दगडी पायर्या', 'कर्हाड'. मधूनच 'कायर्क्रम' आणि 'सि्थती'. गुरुजींना वाटत होतं की वयोमानानं आपल्याच नजरेतून या चुका सुटल्या. मी मूळ सीडी मागवली. योग्य फॉन्ट बसवून फाइल उघडली, तर 'दऱ्या' स्वच्छ, 'वाऱ्याचा' स्वच्छ, 'स्थिती' जशी हवी तशी. चूक गुरुजींची नव्हती आणि टाइप करणाऱ्याचीही नव्हती. ती एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये जाताना घडली होती.

मराठीत संगणकावर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हे सोसावं लागतं. जुनी फाइल उघडत नाही, उघडली तर इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसतो, चौकोन दिसतात, प्रश्नचिन्हं दिसतात. आपण घाबरून काहीतरी दाबतो, 'सेव्ह' करतो, आणि वाचवता आलं असतं तेही गमावतो. पडद्यावर दिसतं ते आणि फाइलमध्ये साठवलेलं असतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलमध्ये नेमकं काय साठवलं आहे हे ओळखल्याशिवाय तिला हात लावू नये. ते ओळखायला दोन मिनिटं पुरतात.

संगणक अक्षरं साठवत नाही, क्रमांक साठवतो. त्या क्रमांकाला कोणतं चित्र द्यायचं ते फॉन्ट ठरवतो. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ अशी १२८ घरं दिली आहेत. त्यात 'क' म्हणजे २३२५, मग फॉन्ट कोणताही असो. जुन्या फॉन्टांचं तसं नव्हतं. त्यांच्यापाशी जेमतेम अडीचशे घरं होती आणि तीही इंग्रजीच्या मालकीची. म्हणून त्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक तेच ठेवले, फक्त चित्रं बदलली. कृतिदेव फॉन्टमध्ये छोट्या डीच्या जागी 'क'चं चित्र आहे, मोठ्या डीच्या जागी अर्ध्या 'क्'चं, छोट्या केच्या जागी काना आणि छोट्या एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटी. तुम्ही 'भारत' लिहिता तेव्हा फाइलमध्ये मोठा एच, के, के, जे, आर एवढंच साठतं : अर्धा भ, त्याला पूर्ण करणारा दांडा, मग काना, र आणि त. संगणकाला त्यात भारत कुठेच दिसत नाही. जुन्या पत्र्याच्या टंकलेखन यंत्रासारखंच हे काम आहे. अक्षराचे तुकडे एकापुढे एक ठेवायचे आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यानं त्यांचं अक्षर करायचं.

यातही प्रत्येक फॉन्टची घरं वेगळी. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे फॉन्ट, शिवाजी, किरण, कृतिदेव, प्रत्येकाचा नकाशा निराळा. एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात उघडला की अर्थ उरत नाही.

हे असं का झालं, याचा इतिहास थोडा हळहळायला लावणारा आहे. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र घडलं ते पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये 'जिस्ट' या नावानं वाढलं. भारतीय लिप्यांची 'इस्की' ही प्रमाण संकेतावली १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी तिच्याच आधीच्या, १९८८च्या रूपावर बेतलेली आहे. म्हणजे पाया आपल्याकडेच घातला गेला होता. पण विंडोजला तेव्हा जोडाक्षरं घडवता येत नव्हती, रफार डोक्यावर चढवता येत नव्हता, वेलांटी अक्षराच्या आधी आणून दाखवता येत नव्हती. ती सोय विंडोज २००० मध्ये आली. सोबत मंगल हा फॉन्ट आला, तो घडवला होता सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी. एक्सपीमध्ये तर ही सोय वेगळी खूण करून चालू करावी लागे आणि अनेकांना ते माहीतच नव्हतं. छपाईच्या जगात पेजमेकर वापरलं जाई, त्याला युनिकोड कधीच कळलं नाही. त्यामुळे मराठीतली दिवाळी अंकांची, छोट्या प्रकाशकांच्या पुस्तकांची, प्रबंधांची आणि स्मरणिकांची वीसएक वर्षं या तुकड्यांच्या भाषेत साठलेली आहेत.

आता निदानाकडे येतो.

फाइल उघडली आणि जागोजागी रिकामे चौकोन दिसले, तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. क्रमांक शाबूत असतात, त्यांचं चित्र दाखवणारा फॉन्ट तेवढा त्या संगणकावर नसतो. फॉन्ट बसवला की मजकूर परत येतो.

इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम असा गोंधळ दिसला, तर तो जुन्या फॉन्टातला मजकूर असतो. हाही शाबूत असतो. खात्री करायची तर उलट बाजूनं करावी. जो मजकूर नीट मराठी दिसतो आहे त्यातल्या एका ओळीची प्रत नव्या फाइलमध्ये घ्यावी आणि तिला एरियलसारखा साधा इंग्रजी फॉन्ट लावावा. ओळ मराठीच राहिली तर ती युनिकोड. इंग्रजी चिखल झाला तर जुनी. ही चाचणी मी प्रत्येक फाइलवर करतो, कारण एकाच फाइलमध्ये अर्धा मजकूर एका जातीचा आणि अर्धा दुसऱ्या जातीचा असणं फार सर्रास आढळतं.

तिसरा प्रकार दिसायला सगळ्यात भयंकर. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए, त्याच्यामागे चार कोपऱ्यांना टोकं फुटलेलं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि हीच माळ ओळीमागून ओळी. हा मजकूर चक्क युनिकोड आहे. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन घासांत, म्हणजे बाइटांत, साठवतात. पहिला घास नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा अक्षराप्रमाणे बदलता. उघडणाऱ्या प्रोग्रॅमनं ते तीन वेगवेगळी युरोपी अक्षरं समजून वाचले की २२४चा तो ए होतो, १६४चं वर्तुळ होतं आणि १६५चं येन. उपाय सोपा आहे. फाइल काही न बदलता बंद करावी. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली, अगदी तळाशी, फाइल उघडताना स्वरूपाची खात्री करून घेण्याची खूण असते, ती लावावी. मग फाइल उघडताना वर्ड विचारतं, तेव्हा 'एन्कोडेड टेक्स्ट' निवडून युटीएफ-८ सांगावं. एक्सेलमध्ये मराठी नावांची यादी उघडताना असं झालं, तर फाइलवर दोनदा टिचकी मारण्याऐवजी 'डेटा' या भागातून ती आत घ्यावी आणि तिथे हीच निवड करावी.

चौथा प्रकार म्हणजे प्रश्नचिन्हं. सगळ्या अक्षरांच्या जागी एकसारखी प्रश्नचिन्हं, आणि फॉन्ट बदलला तरी ती तशीच. इथे मात्र मजकूर गेलेला असतो. कोणीतरी युनिकोड मजकूर मराठी न जाणणाऱ्या साध्या टेक्स्ट पद्धतीत साठवला, प्रोग्रॅमनं 'यातली काही अक्षरं हरवतील' असा इशारा दिला आणि 'ओके' दाबलं गेलं. प्रत्येक अक्षराचा क्रमांक जाऊन त्या जागी प्रश्नचिन्हाचा क्रमांक बसला. तो परत आणणारं कोणतंही साधन नाही. आधीची प्रत असेल तीच शोधावी लागते. म्हणूनच तो इशारा मराठी माणसानं कधीही न वाचता घालवू नये.

रोग कळला की औषधाआधी एक काम : मूळ फाइलची प्रत काढून तिला 'मूळ' असं नाव द्यायचं आणि ती केवळ वाचण्यापुरती करून ठेवायची. पुढची सगळी कामं दुसऱ्या प्रतीवर.

मूळ फाइल मुळात उघडतच नसेल, तर आधी वर्डची सुरक्षेची सोय तपासावी. फार जुन्या वर्डच्या फाइली, म्हणजे वर्ड ९५ किंवा त्याआधीच्या, हल्लीचं वर्ड मुद्दाम अडवतं. ट्रस्ट सेंटरमधल्या 'फाइल ब्लॉक सेटिंग्ज'मध्ये ती अडवणूक तात्पुरती काढता येते, काम झालं की पुन्हा लावून ठेवावी. लिबरऑफिस हा मुक्त आणि विनामूल्य प्रोग्रॅम अशा वेळी फार उपयोगी पडतो. वर्ड जिथे हात टेकतं अशा कितीतरी जुन्या फाइली त्यात उघडतात. अनेक फाइली एकदम नव्या स्वरूपात नेण्यासाठी त्यात 'डॉक्युमेंट कन्व्हर्टर' आहे. पेजमेकरच्या फाइलींतला मजकूरही लिबरऑफिस वाचू शकतं, ही गोष्ट छापखान्याशी संबंध असलेल्यांनी लक्षात ठेवावी. इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्रॅमची गोष्ट उलट आहे. त्याच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्यांत पेजमेकरच्या ६.० पासूनच्या फाइली उघडत, त्यानंतरच्या क्लाउड आवृत्त्यांत ती सोय राहिली नाही. कोणाकडे जुना संगणक आणि त्यावर सीएस ६ चालू स्थितीत असेल, तर तो भंगारात देण्याआधी त्यावरच्या फाइली उघडून घ्याव्यात.

फॉन्ट कोणता होता हेच माहीत नसेल तर? वर्डच्या त्याच ॲडव्हान्स्ड भागात 'फॉन्ट सबस्टिट्यूशन' असं बटण आहे. फाइलला हवे असलेले पण संगणकावर नसलेले फॉन्ट ते नावानिशी सांगतं. नाव कळलं की अर्धी लढाई जिंकलीच, कारण परिवर्तकाला हाच प्रश्न विचारायचा असतो : मूळ नकाशा कोणता? कृतिदेवच्या परिवर्तकात श्रीलिपीचा मजकूर घातला तर बाहेर येतो तो कचरा. आणि एकाच घराण्याच्या फॉन्टांतही आवृत्तीनुसार घरं बदललेली असतात, हे लोक विसरतात.

जुन्या फॉन्टात अजूनही काम करावं लागत असेल, तर वर्डच्या स्वतःहून दुरुस्ती करण्याच्या सवयी आधी बंद कराव्यात. कितीतरी फाइली या सवयींनी बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करायचं हा वर्डचा इंग्रजी संस्कार. कृतिदेवमध्ये छोटा डी 'क' आहे आणि मोठा डी अर्धा 'क्'. त्यामुळे परिच्छेदाच्या सुरुवातीचा 'क' आपोआप अर्धा होतो. सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार अवतरणचिन्ह करायची दुसरी सवय. कृतिदेवमध्ये सरळ एकेरी चिन्हाच्या घरात अर्धा 'श्' राहतो. वर्डनं त्याला वळण दिलं की 'श' तुटतो आणि शब्दाच्या मध्येच अवतरणचिन्ह उभं राहतं. टाइप करणाऱ्याला वाटतं आपला हात चुकला. 'प्रूफिंग'मधल्या ऑटोकरेक्टच्या दोन-चार खुणा काढल्या की हा त्रास संपतो.

आता प्रत्यक्ष परिवर्तन. परिवर्तक दोन जातींचे असतात आणि त्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे. एक जात साध्या मजकुरावर काम करते : खोक्यात मजकूर चिकटवा, बटण दाबा, युनिकोड घ्या. यात कोणता तुकडा कोणत्या फॉन्टात होता ही माहिती चिकटवतानाच गळून पडते. मग मजकुरातले खरेखुरे इंग्रजी शब्द, एखाद्या पुस्तकाचं नाव किंवा ईमेलचा पत्ता, तेही मराठी समजून 'बदलले' जातात आणि त्यांचं भजं होतं. ठळक, तिरकी अक्षरं, तळटिपा आणि तक्ते जातात ते वेगळेच. दुसरी जात वर्डची फाइलच उघडते, प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट पाहते आणि जुन्या फॉन्टातले तुकडे तेवढे बदलते. पुस्तक, प्रबंध, अहवाल यांसाठी दुसरीच जात वापरावी, मग ती विकत घ्यावी लागली तरी हरकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या भाषाइंडिया प्रकल्पातला टीबीआयएल परिवर्तक आणि एसआयएल या संस्थेचे परिवर्तक या दुसऱ्या जातीचे. फॉन्ट बनवणाऱ्यांची स्वतःचीही परिवर्तन-साधनं असतात आणि आपला नकाशा त्यांना इतरांपेक्षा चांगला ठाऊक असतो.

सगळं पुस्तक एकदम घालू नये. आधी एकच पान घ्यावं, तेही अवघड. ज्यात 'ज्ञानेश्वर', 'स्त्रियांच्या', 'कर्तृत्व', 'तऱ्हा', 'दुःख', 'ऑगस्ट', 'ॲड.', 'वाङ्मय' असे शब्द आहेत, असं पान मी स्वतः टाइप करून ठेवलं आहे. ते पान ज्या परिवर्तकातून सहीसलामत बाहेर येईल त्याच्या हाती पुस्तक देतो.

तरीही चुका राहतात. त्या का राहतात हे कळलं की त्या शोधता येतात. जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतात त्या क्रमानं ठेवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चारतात त्या क्रमानं. 'कि' लिहिताना जुन्यात वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. परिवर्तकानं वेलांटीला एक अक्षर ओलांडून पुढे न्यायचं असतं. पण जोडाक्षर असेल तर एक ओलांडून भागत नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. कच्चा परिवर्तक पहिल्या अर्ध्या अक्षरापाशीच थांबतो आणि 'स्थिती'ची 'सि्थती' होते, 'व्यक्तिमत्त्व'चं 'व्यकि्तमत्त्व'. रफाराचं याच्या उलट आहे. 'कार्य' लिहिताना जुन्या फॉन्टात रफार 'य'च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये 'र्' आधी यायला हवा. तो मागे न्यायचं राहिलं की 'कायर्क्रम' आणि 'सवर्'. ही रूपं आपण संकेतस्थळांवर इतकी पाहिली आहेत की डोळे सरावले आहेत, आणि मला ते फार लागतं. मराठी मजकुराची ही मोडतोड मराठी वाचकानं सवयीची करून घेऊ नये.

यांतल्या काही चुका यंत्रानं पकडता येतात. ऱ्हस्व वेलांटीच्या लगेच मागे पाय मोडण्याची खूण, ही जोडी शुद्ध मराठीत येऊच शकत नाही. ती जोडी शोधली की सापडेल ते सगळं चूक. पाय मोडलेल्या 'र'नंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह आलं, तर 'पुनर्'सारखा विरळा शब्द वगळता तेही चूक. 'कायर्क्रम' मात्र असा सापडत नाही, तो वाचूनच काढावा लागतो.

आणि आता गुरुजींच्या दऱ्या. 'दऱ्या'मधला अर्धा र हा मराठीचा खास ठेवा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' वेगळे आणि 'आचाऱ्यांना' वेगळे. हिंदीत हे रूप लागत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या परिवर्तकात त्यासाठी नियमच नसतो आणि तो प्रत्येक ठिकाणी सरळ रफार देऊन टाकतो. युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारे लिहिता येतं. पहिल्यात साधा र (२३५२), पाय मोडण्याची खूण (२३८१) आणि मागे ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्यात टिंब असलेला ऱ (२३५३) आणि पाय मोडण्याची खूण, एवढंच. हा टिंबाचा ऱ द्राविडी भाषांतला एक उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून दिलेला आहे, आणि त्याचं अर्धं रूप आपल्या 'ऱ्या'सारखं दिसतं. छापल्यावर दोन्ही सारखी. पण पहिल्या प्रकारातलं अदृश्य चिन्ह एखाद्या 'सफाई' करणाऱ्या प्रोग्रॅमनं कचरा समजून काढलं की दऱ्यांचा पुन्हा दर्या होतो. म्हणून मी कायम दुसरा प्रकार वापरतो आणि सगळ्यांनी तोच वापरावा असं माझं ठाम मत आहे.

ही चूक एका फटक्यात सुधारता येत नाही. सगळे 'र्य' बदलून 'ऱ्य' केले तर सूर्य, कार्य, मर्यादा सगळेच बिघडतील. शब्दाच्या सुरुवातीला, म्हणजे 'र्हास', 'र्हस्व' अशा जागी तेवढं निर्धास्तपणे बदलावं, कारण तिथे मराठीत रफार येत नाही. 'दुसर्या', 'सार्या', 'पायर्या', 'वार्या' अशा नेहमीच्या शब्दांची यादी करून एकेक बदलावा. उरलेलं डोळ्यांनी. गुरुजींच्या पुस्तकाला मला चार संध्याकाळी लागल्या.

दिसायला अगदी बरोबर असलेल्या चुका त्याहून चिवट असतात. 'आ' हे एकच अक्षर म्हणूनही साठवता येतं आणि 'अ'ला काना जोडूनही. 'ो'च्या जागी काना आणि मात्रा वेगवेगळे साठलेले असतात. 'दुःख'मधला विसर्ग खरा विसर्ग नसून विरामचिन्हातली दोन टिंबं असतात. 'ॲड.' तर तीन प्रकारे लिहिलेलं आढळतं, कारण ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचं घर २००८ सालीच मिळालं. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोधायला गेलं तर शब्द सापडत नाही, सूची अकारविल्हे लागत नाही, शुद्धलेखन तपासनीस प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढतो. परिवर्तनानंतर 'शोधा आणि बदला' वापरून या जोड्या एकरूप करणं हे कंटाळवाणं काम आहे. ते न करता फाइल जतन केली तर पुढची माणसं ती शोधूच शकणार नाहीत.

पीडीएफबद्दल थोडंसं. पीडीएफ ही छापील पानाची प्रतिमा टिकवण्यासाठी आहे, मजकूर परत देण्यासाठी नाही. त्यात अक्षरांची चित्रं जागच्या जागी बसवलेली असतात आणि कोणतं चित्र म्हणजे कोणता क्रमांक याची यादी असेलच असं नाही. म्हणून पीडीएफमधून उचललेला मराठी मजकूर तुटका येतो. तो दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. त्यापेक्षा पानाचं चित्र समजून अक्षरओळख करून घ्यावी. गूगल ड्राइव्हवर पीडीएफ चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी मिळतो. टेसरॅक्ट हे मुक्त साधनही मराठी वाचतं. भ-म, घ-ध आणि अनुस्वार यांत दोन्ही चुकतात, तेव्हा तपासणी सुटत नाहीच.

युनिकोड आलं म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. वर्डमध्ये जमवलेला अहवाल लिबरऑफिसमध्ये उघडला की पानं पुढेमागे सरकतात. विंडोज १०पासून मंगल हा फॉन्ट आपोआप येत नाही, तो जादा सोय म्हणून उतरवून घ्यावा लागतो. तो नसला की त्याच्या जागी निर्मला येतो, ओळींची उंची बदलते आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठांक खोटे ठरतात. शिवाय वर्ड लॅटिन अक्षरांसाठी एक फॉन्ट लक्षात ठेवतं आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा. आकार आणि ठळकपणाही वेगळे. फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरं ढिम्म हलत नसतील, तर फॉन्टच्या खिडकीतला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा रकाना पाहावा. आणि डॉकएक्स फाइल 'खराब झाली आहे' म्हणून उघडत नसेल, तर आधी वर्डचं 'ओपन अँड रिपेअर' वापरावं. ते हरलं तर फाइलच्या प्रतीचं आडनाव, म्हणजे नावातल्या टिंबानंतरची अक्षरं, बदलून झिप करावं. डॉकएक्स म्हणजे खरोखरच झिप केलेलं गाठोडं आहे. आत 'वर्ड' नावाच्या कप्प्यात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल असते आणि बहुतेक वेळा सगळा मजकूर तिच्यात शाबूत सापडतो.

गुरुजींचं पुस्तक पुढे छापून झालं. त्यांच्या सीडीवर मात्र आणखी एक फाइल होती, गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलेल्या आठवणींची. ती अर्ध्यावरच वाचता आली, कारण सीडीवरचा थर सुटला होता.

दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्या घरी जुन्या सीडी, फ्लॉपी, बंद पडलेला संगणक निघाला तर तो तसाच टाकू नका. त्यावर कोणाचा प्रबंध, कोणाच्या कविता, एखाद्या संस्थेचा इतिहास असू शकतो. आधी फाइली उतरवून घ्या. सोबत त्यांचे फॉन्टही घ्या, विंडोजच्या 'फॉन्ट्स' कप्प्यातून ते प्रतीसारखे उचलता येतात. मूळ फाइल, तिचा फॉन्ट, जुन्या संगणकावरच काढलेली पीडीएफ आणि युनिकोड केलेली प्रत, ही चारही एका ठिकाणी ठेवा. परिवर्तन आज जमलं नाही तरी चालेल, ते पुढे कोणीतरी करेल. उतरवून घेणं मात्र या वर्षीच करा.